दुखायच्या आधी थांबा: जुनाट दुखणं सांभाळत वजनासाठी कसं चालावं

जुनाट दुखणं असलेल्या माणसाचं चालणं वाईट दिवशी क्वचितच बिघडतं. ते बिघडतं चांगल्या दिवशी. सकाळी कंबर मोकळी वाटते, गुडघा कुरकुरत नाही, म्हणून आठवड्याची सगळी कसर एकाच फेरीत भरून काढली जाते. ४० मिनिटं चालणं होतं आणि बरंही वाटतं. दुसऱ्या दिवशी ठणका सुरू होतो, पुढचे तीन-चार दिवस अंथरुणात जातात आणि चालण्याची धास्ती बसते ती वेगळीच. रोज फक्त ६ मिनिटं चालणाऱ्याची आठवड्याची बेरीज ४२ होते, आणि त्याला एकही दिवस झोपून काढावा लागत नाही.

म्हणून या सगळ्या पद्धतीचा पाया एकच: कधी थांबायचं हे दुखण्याला विचारायचं नाही, घड्याळाला विचारायचं. ठरलेली मिनिटं झाली की थांबायचं, अंगात कितीही उत्साह असला तरी. हे ऐकायला सोपं वाटतं, पण पाळायला सगळ्यात अवघड हेच आहे.

आधी डॉक्टरांकडे कुणी जावं

जुनं, ओळखीचं, तपासून झालेलं दुखणं असेल तर हळू चालणं बहुतेकांना चालतं. पण काही लक्षणं दिसली तर चालण्याचा विचार बाजूला ठेवून लगेच तपासणी करायची. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यांत एक दिवसही थांबू नये; मणक्यातल्या नसांवर मोठा दाब आल्याची ती खूण असू शकते. चालताना छातीत दाब किंवा कळ येणं, भोवळ येणं, एकाच पायाची पोटरी सुजून गरम होणं, सांधा लाल होऊन ताप येणं, हीसुद्धा तातडीची लक्षणं. काही न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नका, कारण शोधा.

एक लक्षण मात्र सहज निसटतं. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत जातो, पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा येतो. याला लोक 'वय झालं' म्हणतात, पण पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तरीही असंच होतं. मधुमेह असलेल्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी हे नक्की तपासून घ्यावं.

तुमची सुरुवातीची मिनिटं कशी काढायची

दुसऱ्या कुणाचं वेळापत्रक उचलू नका. १०,००० पावलांचा आकडा तर मनातून काढूनच टाका. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होती. तिथून हा आकडा पसरला. तुमच्या मणक्याशी किंवा गुडघ्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

पाच दिवस चाचणी घ्या. दिवस निवडून घ्यायचे नाहीत; चांगला-वाईट जसा येईल तसा. सपाट जागेवर, आरामाच्या वेगाने चाला. निघण्याआधी दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. चालता चालता तो आकडा एकाने वाढला की घड्याळ बघा आणि थांबा. समजा पाच दिवसांत ९, ६, ११, ४ आणि १० मिनिटं भरली. बेरीज ४०, सरासरी ८. या सरासरीच्या साधारण ६० टक्के घ्या, म्हणजे ५ मिनिटं. ही तुमची एका फेरीची सुरुवात.

सरासरीपेक्षा इतकं कमी का? कारण ही मिनिटं वाईट दिवशीही निभावली पाहिजेत. आकडा बघून 'एवढंसं?' असं वाटलं तर तो बरोबर निघाला आहे. चाचणीत तुमचे सगळे दिवस २ मिनिटांचे भरले तर एका मिनिटाने सुरुवात करा. घरातल्या घरात, भिंतीच्या कडेने चाललेलं मिनिटही मोजायचं.

आता ही ५ मिनिटं दिवसातून तीनदा. एका दमात १५ मिनिटं आणि तीन वेळा ५ मिनिटं यांत वजनाच्या दृष्टीने फारसा फरक नाही, दुखण्याच्या दृष्टीने मात्र खूप आहे. व्यायाम निदान सलग १० मिनिटांचा हवा ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनातून काढून टाकली, तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी चालताना अपराधी वाटून घेऊ नका. त्यातल्या दोन फेऱ्या जेवणानंतर ठेवता आल्या तर उत्तम; जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर कमी उसळते. तिन्ही फेऱ्या लागोपाठ उरकू नका, मध्ये निदान दोन-तीन तास जाऊ द्या.

वाढवायचं कसं

पहिला आठवडा काहीही वाढवायचं नाही. ७ पैकी निदान ५ दिवस ठरल्याप्रमाणे पार पडले आणि दुसऱ्या दिवशी दुखणं चढलं नाही, तरच पुढच्या आठवड्यात फक्त एका फेरीत १ मिनिट वाढवा. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात ६, ५, ५. तिसऱ्यात ६, ६, ५. चौथ्यात ६, ६, ६. या चालीने गेलात तर आठव्या आठवड्यात दिवसाची बेरीज २२ मिनिटं होते आणि आठवड्याची १५४. प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी असं सांगतात. तुमचा जोर सुरुवातीला मध्यमपेक्षा कमी असेल, पण तेवढा वेळ पायांवर राहण्याची सवय तोवर झालेली असते. वेग नंतर आणता येतो.

बहुतेकांना याला ८ नाही, १२ ते १६ आठवडे लागतात, कारण मध्ये मुक्काम करावा लागतो. त्यात बिघडत काहीच नाही. बिघडतं ते एकाच वेळी दोन गोष्टी वाढवल्यामुळे. मिनिटं वाढवली त्या आठवड्यात वेग तोच, रस्ता तोच, बूटही तेच. नाहीतर दुखणं वाढल्यावर दोष कुणाचा, ते कळायला मार्ग राहत नाही.

वेगाची परीक्षा बोलण्यावरून करा. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके फारसे वाढत नाहीत आणि आकडा फसवतो. नंतर कधी वेग वाढवायचाच झाला तर मिनिटाला साधारण १०० पावलं हा मध्यम जोराचा ढोबळ अंदाज धरा. १५ सेकंदांतली पावलं मोजा आणि ४ ने गुणा.

निघण्याआधीची चार मिनिटं आणि चालण्याची ढब

आखडलेलं अंग घेऊन थेट रस्त्यावर उतरलं की पहिली दोन मिनिटंच सगळ्यात जास्त दुखतात. खुर्चीवर बसून घोटे दोन्ही बाजूंनी १०-१० वेळा फिरवा, एकेक गुडघा सरळ करून १० वेळा खाली आणा, खांदे मागे फिरवा, मग उभं राहून खुर्चीला धरून एक मिनिट जागच्या जागी पावलं उचला. जोराचे ताण देणारे व्यायाम आधी नकोत; ते हवे असतील तर चालून आल्यावर, अंग गरम असताना. सकाळी आखडणं जास्त असेल तर पहिली फेरी उशिरा ठेवा. पहाटेच चाललं पाहिजे असा काही नियम नाही.

पावलं लहान टाका. लांब टांग टाकली की टाच शरीराच्या फार पुढे पडते आणि त्याचा धक्का गुडघ्यातून खुब्यापर्यंत जातो. त्याच वेगाला लहान आणि थोडी जास्त पावलं सोसतात. नजर पायांशी न ठेवता १०-१५ फूट पुढे ठेवा. मान खाली घालून चालणाऱ्यांची मान आणि पाठ विनाकारण दमते. हात मोकळे. एका हातात पिशवी घेऊन चालू नका, कंबर एका बाजूला ओढली जाते.

काठीबद्दल संकोच सोडा. आणि ती योग्य हातात धरा: उजवा गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. चुकीच्या हातात धरलेल्या काठ्या रोज दिसतात, कारण दुखऱ्या बाजूलाच आधार हवा असं मनाला वाटतं. पण दुखऱ्या पायावर भार येतो त्या क्षणी कमरेचा तोल सांभाळण्यासाठी त्याच बाजूचे खुब्याचे स्नायू जोरात आवळले जातात आणि सांध्यावरचा दाब वाढतो. विरुद्ध बाजूच्या हातातली काठी त्यातला बराच ताण स्वतःवर घेते. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे जातात. उंची अशी की हात सैल सोडून उभं राहिलं असता मूठ मनगटाच्या घडीशी यावी आणि धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं असावं. खालचं रबर झिजलं की लगेच बदला, ओल्या फरशीवर झिजलेलं रबर दगा देतं.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, टाचेकडची बाजू दाबून बघितली तर घट्ट, आणि बूट वाकवला तर चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये. वापरून तळ एका बाजूला कलला असेल तर वरून कितीही चांगला दिसला तरी बाद. मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव कमी झाली असेल तर बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघा आणि आल्यावर तळवे तपासा. फोड आलेला कळणारच नाही.

रस्ता सपाट निवडा, आणि तोही गोल फेरीचा नको, घराजवळचा ये-जा करण्याचा. मोठ्या गोल फेरीत अर्ध्यावर कळ आली तरी उरलेलं अर्धं चालावंच लागतं. ५ मिनिटांची फेरी म्हणजे अडीच मिनिटं जाणं आणि अडीच मिनिटं येणं. शक्य असेल तर मध्ये बसायला जागा असावी. कडेला उतरता असलेला रस्ता रोज एकाच बाजूने चालू नका, एक पाय सतत खाली पडतो आणि खुबा त्याची तक्रार करतो.

दुखणं कुठलं, त्यावर काय बदलतं

गुडघ्याची झीज असेल तर चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो, कारण उतरताना मांडीचे स्नायू शरीराला रोखून धरतात आणि वाटीमागचा दाब वाढतो. इथे चालण्याच्या जोडीला मांडीची ताकद लागतेच: हाताच्या आधाराने खुर्चीतून उठणं-बसणं, सुरुवातीला ५ वेळा, एक दिवसाआड.

मणक्याची नळी अरुंद झाली असेल तर उभं राहून पायांत मुंग्या आणि जडपणा येतो, पुढे वाकलं किंवा बसलं की उतरतो. अशांना चाकांच्या आधारगाडीवर किंचित पुढे झुकून जास्त चालता येतं. ताठ चालण्याचा आग्रह इथे उलटा पडतो. दर २-३ मिनिटांनी बसायचं, पायांत लक्षणं येण्याआधी.

टाचदुखीत उठल्या उठल्या पहिली पावलं सुईसारखी टोचतात. अंथरुणातच पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून १० सेकंद धरा, असं १० वेळा करा, आणि कडक फरशीवर अनवाणी चालू नका.

फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या जुनाट आजारात, हळूहळू वाढवत नेलेली हालचाल हा उपचाराचाच भाग मानला जातो, फक्त इथे वाढ दर आठवड्याऐवजी दोन आठवड्यांनी ठेवा. मात्र एक आजार याच्यासारखा दिसतो आणि त्याचा नियम वेगळा आहे. थोड्याशा श्रमानंतर, कधी एक-दोन दिवसांनी, सगळं अंग गळून जातं, डोकं चालत नाही, झोपूनही भरून येत नाही, आणि हे दिवस-आठवडे टिकतं. असं होत असेल तर हा क्रॉनिक फटिग सिंड्रोम असू शकतो. ठरवून दर आठवड्याला वाढवण्याची पद्धत त्यात वापरू नये, असं ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य मार्गदर्शन संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा ही वर दिलेली वाढ त्यांच्यासाठी नाही.

सांधे फारच बोलत असतील आणि पोहण्याचा तलाव उपलब्ध असेल तर कमरेएवढ्या पाण्यात चाला. तिथे शरीराचा भार जवळपास निम्मा होतो.

किती दुखलं तर चालेल

अजिबात दुखू नये ही अट घातली तर कुणीच चालू शकणार नाही. निघताना दुखणं ४ असेल तर चालताना ६ पर्यंत जाणं मान्य, म्हणजे २ ने वाढ. आणि ते २४ तासांत पुन्हा ४ वर आलं पाहिजे. दोन्ही अटी पाळल्या गेल्या तर आहे तसं चालू ठेवा. वाढ २ पेक्षा जास्त झाली किंवा दुसऱ्या दिवशीही उतरली नाही तर पुढच्या फेऱ्या पाव हिश्शाने कमी करा. दुखण्याची जातही ओळखायला शिका. स्नायूंचा बोथट, पसरलेला, दोन्ही बाजूंना सारखा ठणका सहसा सवयीने जातो. एकाच जागी सुरीसारखी कळ, सांध्याची नवी सूज, पायात खाली धावणारी वीज, लंगडायला लागणं, यांवर मात्र तिथेच थांबायचं. लंगडत पूर्ण केलेली फेरी दुसऱ्या पायाला आणि कमरेला दुखणं देते.

चालण्यासाठी म्हणून वेदनाशामक गोळी जास्तीची घेऊ नका. गोळीने दुखणं झाकलं की मिनिटं वाढतात आणि हिशेब रात्री येतो. शिवाय यातल्या अनेक गोळ्या पोट आणि मूत्रपिंडाला जड जातात. रोजची ठरलेली गोळी ठरलेल्या वेळीच घ्या आणि फेरी तिच्या असराच्या वेळेत बसवा, एवढं पुरे. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवूनच निघावं.

दुखणं उफाळलं तर

ते उफाळणारच, त्यामुळे योजना शांत डोक्याने आधीच लिहून ठेवा. पहिल्या दिवशी फेऱ्या तीनच, पण मिनिटं निम्मी. १२ चालत असाल तर ६. तेही नाही झालं तर घरात दर तासाला उठून एक मिनिट. पूर्ण झोपून राहणं टाळा: सांधे आखडतात, स्नायू पटकन उतरतात आणि परत येताना दुप्पट कष्ट पडतात. दोन दिवस दुखणं नेहमीच्या पातळीवर राहिलं की पाऊण हिस्सा, आणखी दोन दिवसांनी पूर्ण. सोसलं तर वाढवा, 'राहिलेलं' मात्र कधी भरून काढू नका. ती बाकी माफ.

वजनाचं खरं गणित

इथे स्पष्ट बोलणं गरजेचं आहे, कारण खोट्या आशेवर सुरू केलेलं चालणं सहाव्या आठवड्यात बंद पडतं. ८० किलो वजनाचा माणूस हळू वेगाने २२ मिनिटं चालला तर बसून राहण्यापेक्षा साधारण ५० ते ६० कॅलरी जास्त खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. म्हणजे नुसत्या चालण्यावर एक किलो उतरायला चार ते पाच महिने. खाण्यातून रोज ३०० कॅलरी कमी केल्या तर तोच एक किलो, कागदावर तरी, साडेतीन ते चार आठवड्यांचा आहे.

मग चालायचं कशाला? वजन खाण्याने उतरतं, पण उतरलेलं टिकतं हालचालीने. नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि दुखऱ्या सांध्याला स्नायूंचाच आधार असतो. झोप सुधारते, आणि झोप नीट झाली की भूकही आटोक्यात राहते. गुडघ्यासाठी तर हिशेब फारच अनुकूल आहे: गुडघ्याची झीज असलेल्या जाड व्यक्तींवरच्या २००५ सालच्या एका अभ्यासात दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो. ५ किलो उतरले तर पावलागणिक २० किलो. त्यामुळे ध्येय मोठं ठेवायची गरज नाही. आहे त्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ८० किलोला ४ किलो, एवढ्यानेही पायांना फरक कळतो.

खाण्यात सुरुवात गोड पेयांपासून आणि दुखण्याच्या दिवशी नकळत तोंडात टाकल्या जाणाऱ्या गोष्टींपासून करा. दुखत असताना खाणं हा दिलासा असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तो वाटीत मोजून घ्या, डब्यातून नको. प्रत्येक जेवणात प्रथिनं ठेवा. जेवण टाळू नका. उपाशीपोटी चालून आलेला थकवा दुपारच्या जास्तीच्या खाण्यात फेडला जातो.

वजन आठवड्यातून दोनदाच करा, सकाळी, शौचानंतर, तशाच कपड्यांत, आणि चार आठवड्यांची सरासरी मागच्या चार आठवड्यांशी ताडून बघा. एक-दोन किलोचा चढ-उतार पाण्याचा, मिठाचा, पाळीचा किंवा काही वेदनाशामकांमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठतेचा असतो. कमरेचा घेर महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर मोजा. काटा हलत नसताना तो कमी होताना दिसतो.

सगळं नीट पाळूनही वजन वाढत असेल तर औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटा. नसांच्या दुखण्यावर दिली जाणारी प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन आणि तोंडाने घ्यायची स्टेरॉइड्स यांनी वजन वाढू शकतं. ती मनाने बंद करू नका, यातली काही एकदम सोडणं धोक्याचं असतं. पण मात्रा किंवा पर्याय यांबद्दल विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वही

रोज एकच ओळ: किती मिनिटं, निघताना दुखणं किती, आल्यावर किती, दुसऱ्या दिवशी सकाळी किती, झोप कशी. शेवटचे दोन रकाने सगळ्यात कामाचे. महिन्याभराने दिसायला लागतं की दुखणं चालण्याने वाढत नव्हतं, आदल्या रात्री झोप न झाल्याने वाढत होतं, किंवा तासन्‌तास एका जागी बसलेल्या दिवसांनंतर वाढत होतं. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला ही वही दाखवली की 'खूप दुखतं' यापेक्षा कितीतरी जास्त सांगता येतं.

ताप, प्रवास किंवा शस्त्रक्रियेमुळे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला तर जुन्या आकड्यावर परतू नका. पाच दिवसांची चाचणी पुन्हा घ्या आणि जो नवा आकडा येईल तिथून सुरू करा. शस्त्रक्रिया झाली असेल तर त्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्या.